हिवतापाच्या जडीबुटीची परीक्षा नागपुरातच व्हावी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी आजारांच्या पानावर 'मलेरियावर रामबाण रानऔषधी' अशी एक चौकट छापून आली. सप्तपर्णीची साल, पारिजातकाची पानं, भुईनिंब आणि गुळवेल यांचा काढा सकाळ-संध्याकाळ घ्यावा, तीन दिवसांत ताप उतरतो आणि 'कुठलेही दुष्परिणाम नाहीत', असा मजकूर होता. दुसऱ्याच दिवशी त्या चौकटीचा फोटो आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला. त्या आठवड्यात सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात एक माणूस त्याच चार वनस्पतींच्या पुड्या 'हिवतापाची गॅरंटी' म्हणून विकताना मी पाहिला. कात्रणाची झेरॉक्स त्यानं टोपलीवर लावून ठेवली होती. म्हणून हे पत्र लिहिते आहे. जरा लांबलं तर सांभाळून घ्यावं.

मी निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. नोकरीचा मोठा काळ गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली-भामरागडकडच्या दवाखान्यांत गेला. रक्ताच्या काचपट्ट्या तपासून हिवताप आहे की नाही हे सांगायचं, हे माझं काम. निवृत्तीनंतर नागपुरात एका फार्मसी कॉलेजात काही काळ विद्यार्थ्यांच्या मदतीला जात होते. तिथं वनस्पतींच्या अर्कांची उंदरांवर विषारीपणाची तपासणी चालायची आणि रक्ताची, यकृताची नोंद ठेवायचं काम माझ्याकडे असायचं. त्यामुळे तापानं फणफणलेला माणूस आणि त्याला द्यायचं औषध, दोन्हींचा प्रयोगशाळेतला हिशेब मी जवळून पाहिला आहे.

आधी हे स्पष्ट करते की मी जडीबुटीच्या विरोधात नाही. हिवतापाशी लढणारी जगातली दोन सगळ्यात मोठी औषधं झाडांनीच दिली आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून 1820 मध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी क्विनाइन वेगळं केलं. पुढे इंग्रजांनी निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे सिंकोनाचे मळेच लावले. दुसरं औषध चीनचं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, 23 मे 1967 रोजी तिथं एक गुप्त संशोधन प्रकल्प सुरू झाला. तारखेवरूनच त्याला 'प्रकल्प 523' म्हणत. त्यात काम करणाऱ्या तू यूयू या बाईंनी जुने वैद्यकग्रंथ धुंडाळले. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्यानं तापासाठी छिंगहाव ही वनस्पती सांगितली होती. ती मूठभर घ्यावी, पाण्यात भिजवावी, पिळून रस काढावा आणि तो प्यावा. तू यूयूंच्या लक्षात आलं की यात उकळणं कुठेच नाही. त्यांचे आधीचे अर्क उकळूनच निकामी होत असावेत. मग त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून अर्क काढला. 1971 च्या ऑक्टोबरमध्ये 191 क्रमांकाच्या नमुन्यानं उंदरांच्या रक्तातले हिवतापाचे परजीवी पूर्णपणे नाहीसे केले. त्याच अर्कातून पुढे आर्टेमिसिनिन मिळालं, आणि आज गडचिरोलीच्या उपकेंद्रात फाल्सिपेरम या जीवघेण्या जातीच्या मलेरियाच्या रुग्णाला जी एसीटीची, म्हणजे जोड-औषधाची, पाकिटं मिळतात त्यांत याच आर्टेमिसिनिनच्या घराण्यातलं औषध असतं. 2015 मध्ये तू यूयूंना नोबेल मिळालं.

ही गोष्ट आपल्याकडे हौसेनं सांगितली जाते, पण मधला भाग गाळून. 191 क्रमांकाचा नमुना उंदरांवर चालल्यावर कुणी पुड्या बांधून बाजारात बसलं नाही. प्राण्यांवर विषारीपणा तपासला. त्यात शंका आल्या तेव्हा तू यूयू आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1972 मध्ये रुग्णालयात देखरेखीखाली तो अर्क आधी स्वतः घेतला. मग रुग्णांवर चाचणी झाली, परजीवी मोजले गेले. पुढे शुद्ध द्रव्य, त्याची रचना, मात्रा, जोडीला कुठलं औषध द्यायचं, असा प्रवास कितीतरी वर्षं चालला. 1990 च्या दशकात या घराण्यातल्या तेलातल्या इंजेक्शनांची मोठी मात्रा दिलेल्या कुत्र्यांच्या मेंदूच्या देठाला इजा झालेली आढळली. माणसांना दिल्या जाणाऱ्या मात्रेत तसं दिसलं नाही, पण शोधल्यामुळेच ते कळलं. ग्रंथातली ओळ आणि रुग्णाच्या हातातली गोळी यांच्यामधलं हे सगळं काम आपण 'आजीबाईचा बटवा' या दोन शब्दांत उडवून लावतो, याचं मला फार वाईट वाटतं.

चीनचंच दुसरं उदाहरण आहे, ते मात्र कुणी सांगत नाही. चांगशान नावाचं झुडूप तिथं तापावर शतकानुशतकं वापरत. त्यातल्या फेब्रिफ्यूजिन या द्रव्यानं परजीवी खरोखर मरतात. पण रुग्णाला इतक्या उलट्या होतात आणि यकृताला इतका धोका की त्याचं औषध होऊ शकलं नाही. परंपरा खरी होती, परिणामही खरा होता, तरी ते देता येत नाही हे तपासणीनंच ठरवलं.

आता काचपट्टीबद्दल. गडचिरोलीत बोटाला सुई टोचून रक्ताचे दोन ठसे घ्यायचे, एक पातळ, एक जाड. जाड थेंब पसरवताना आम्हाला शिकवलेलं की खाली वर्तमानपत्र ठेवलं तर त्यातून अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. मग पट्टी वाळवायची, जाड ठशातला तांबडा रंग पाण्यानं काढायचा, इओसिनमध्ये क्षणभर बुडवायची, जेएसबीच्या निळ्या द्रावणात थोडी जास्त वेळ, धुवायची, वाळवायची, तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायची. निळ्या कड्यावर तांबडा ठिपका, अशी परजीवीची ती अंगठी दिसते. फाल्सिपेरम जुना झाला की चंद्रकोरी दिसतात. जाड ठशाची निदान 100 क्षेत्रं पाहिल्याशिवाय 'निगेटिव्ह' लिहायचं नाही, हा नियम. उजेड नसेल, लाइट गेली असेल, बाहेर ओसरीत बाया पोरांना घेऊन ताटकळत असतील, तरी शंभर म्हणजे शंभर.

हे एवढं सविस्तर लिहिण्याचं कारण आहे. हिवतापाचा ताप हा चढतो, घाम फुटून उतरतो, मधले काही तास माणूस उठून कामालाही लागतो आणि मग पुन्हा हुडहुडी भरते. या मधल्या उतारात जे पोटात गेलं असेल त्याला श्रेय मिळतं. काढा असो, अंगारा असो, पॅरासिटामॉल असो. शिवाय ज्या भागात वर्षानुवर्षं हिवताप आहे तिथल्या मोठ्या माणसांच्या शरीरात थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. त्यांचा ताप औषधाविना ओसरू शकतो, पण रक्तात परजीवी राहतात. म्हणून 'आमच्या गावात सगळे यानंच बरे होतात' या वाक्यावर हिवतापाचं औषध ठरत नाही. ते काचपट्टीवर ठरतं. पहिल्या दिवशी किती अंगठ्या, तिसऱ्या दिवशी किती, सातव्या दिवशी किती आणि 28 व्या दिवशी पट्टी स्वच्छ आहे का. व्हायवॅक्स हा दुसऱ्या जातीचा परजीवी तर यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी परत डोकं वर काढतो. चौकटीतले 'तीन दिवस' इथं काय कामाचे?

मागच्या पावसाळ्यात वर्धा रोडवरच्या एका बांधकामावर एटापल्ली तालुक्यातला एक तरुण होता. आमच्या गल्लीतल्या चौकीदाराचा भाचा. गावाहून परतल्यावर ताप आला. बाजारातल्या पुडीचा काढा प्याला, दुसऱ्या दिवशी घाम येऊन ताप उतरला, पोरगा परत सेंट्रिंगच्या कामावर गेला. ताप पुन्हा आला, पुन्हा काढा. पाचव्या दिवशी त्याला झटके आले आणि शुद्ध हरपली. रुग्णालयात पट्टी केली तर ती अंगठ्यांनी भरलेली. मेंदूचा मलेरिया. वाचला तो, पण बरेच दिवस धड बोलता येत नव्हतं. त्याचा मामा मला म्हणाला, "ताई, पुडीवर लिहून होतं ना, साइड इफेक्ट नाही म्हणून." त्या पुडीनं विषबाधा केली नव्हती हे मला मान्य आहे. तिनं चार दिवस खाल्ले. फाल्सिपेरममध्ये तेवढे दिवस पुरतात. औषधाची सुरक्षितता तपासताना हाही धोका धरावा लागतो. जे औषध अर्धवट काम करतं ते खऱ्या औषधाच्या वाटेत उभं राहतं.

अर्धवट काम करणं म्हणजे काय याचा दाखला आपल्याच देशात आहे. केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेनं मलेरियासाठी 'आयुष-64' तयार केलं. सप्तपर्णी, कुटकी, चिरायता आणि सागरगोटा असे त्यातले घटक. 2021 मध्ये कोविडच्या सौम्य रुग्णांसाठी तेच पुढे आणलं गेलं, त्यामुळे नाव सर्वांना माहीत झालं. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रानं ते व्हायवॅक्सच्या रुग्णांत क्लोरोक्विन या नेहमीच्या गोळीशी तुलना करून पाहिलं होतं. 28 दिवसांनंतर क्लोरोक्विनच्या गटातले सगळे बरे, आयुष-64 च्या गटातले सुमारे निम्मे. मी या निकालाकडे आयुर्वेदाचा पराभव म्हणून पाहत नाही. निम्म्यांच्या बाबतीत काहीतरी घडलं, म्हणजे त्या सालीत, त्या बियांत शोधण्यासारखं काहीतरी आहे. पण ज्या घरातला रुग्ण दुसऱ्या निम्म्यात पडला त्या घराला आपण काय सांगणार? तुलना केली म्हणून हे समजलं. पारिजातकाचंही तसंच. मुंबईत 120 रुग्णांना ताज्या पानांचं वाटण देऊन पाहिलं, आठवड्याभरात तीन-चतुर्थांश जणांच्या रक्तातून परजीवी गेले. आशा वाटावी असा निकाल आहे. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. पुढची पायरी म्हणून मोठी, तुलनात्मक चाचणी व्हायला हवी. ती न करता आपण थेट चौकट छापली.

आता 'कुठलेही दुष्परिणाम नाहीत' याविषयी. कॉलेजात एका वनस्पतीचा अर्क आला होता. नाव लिहीत नाही, ते काम प्रसिद्ध झालेलं नाही. आधी एकाच मात्रेची तपासणी. टोकाला गोल गोळी असलेल्या सुईनं अर्क उंदरांच्या थेट पोटात सोडायचा, किलोमागे 2000 मिलिग्रॅमपर्यंत. पहिला अर्धा तास पिंजऱ्यासमोरून हलायचं नाही. अंगावरचे केस उभे राहतात का, लाळ गळते का, थरथर आहे का, पाठीची कमान करून कोपऱ्यात बसतो का, हे लिहायचं. नंतर 14 दिवस रोज पाहायचं. एकही उंदीर दगावला नाही, सगळे खात-पीत होते. विद्यार्थी खूश झाले, 'मॅडम, सेफ आहे.' मग कमी मात्रा रोज अशी 28 दिवस दिली. बाहेरून उंदीर धडधाकट दिसत होते, वजनं मात्र दुसऱ्या आठवड्यापासून वाढायची थांबली. शेवटी रक्त काढलं तर यकृताला इजा झाली की वाढणारं एसजीपीटी वाढलेलं, आणि यकृत ट्रेमध्ये ठेवलं तेव्हा ते फिकट, कडांना पिवळसर होतं. शेजारच्या ट्रेमध्ये पाणी दिलेल्या उंदराचं यकृत गडद तांबडं, चकचकीत. ते दोन ट्रे पाहिल्यावर त्या मुलांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. एकदा घेऊन काही झालं नाही म्हणजे रोज घेतल्यावर होणार नाही, असं नसतं.

वनस्पती एकच असली तरी तिचा कुठला भाग आणि कशा रीतीनं वापरतो यावरही सगळं फिरतं. आपल्याकडे पडीक रानात, रेल्वे रुळांच्या कडेनं पिवळा धोत्रा उगवतो. आफ्रिकेत माली देशात याच झाडाच्या पाल्याचा काढा हिवतापाला देतात. तिथल्या संशोधकांनी आधी घरोघर जाऊन विचारलं, शेवटचा ताप आला तेव्हा काय घेतलं आणि पुढे काय झालं. ज्यांनी हा पाला घेतला ते बरे झालेले जास्त आढळले, म्हणून तोच निवडला, मात्रा ठरवली आणि सुमारे 300 रुग्णांत एसीटीशी तुलना केली. गंभीर मलेरिया होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत कमी राहिलं. आणि याच पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात भेसळ होऊन 1998 मध्ये दिल्लीत 60 हून अधिक माणसं जलोदरासारख्या सुजेनं मेली. पाला तपासून औषधाच्या वाटेवर, बी जीवघेणं. 'रानातलं आहे, नैसर्गिक आहे' यानं काय सिद्ध होतं ते वाचकांनीच ठरवावं.

ओळखीचा गोंधळ आणखी वेगळा. इतवारीतल्या जडीबुटीच्या दुकानात चिरायता मागा. कधी हिमालयातला खरा चिरायता मिळेल, कधी आपला भुईनिंब. दोन्ही कडूजहर, वाळलेल्या काड्या सारख्याच. गुळवेलीबाबत तर 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या 6 रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की त्या लोकांनी घेतलेली वेल नेमकी गुळवेलच होती हे कुठे पडताळलं? दुसरी एक जात हुबेहूब तशीच दिसते. आक्षेप रास्त होता. पण मग बाजारातल्या पुडीत कुठली जात आहे हे कोण पडताळतं?

या सगळ्यात विदर्भाची म्हणून एक वेगळी काळजी आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलताना मला दिसत नाही. आपल्या भागात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. आदिवासी समाजांत तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी-6-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असणारी माणसंही आढळतात. अशा माणसाला प्रायमाक्विन ही मलेरियाची गोळी दिली तर तांबड्या पेशी फुटू शकतात, लघवी कोकसारखी काळी होते. म्हणून डॉक्टर विचारपूस करून देतात. वनस्पतींमध्येही अशा पेशी फोडणारी द्रव्यं असू शकतात. हिवतापाचा काढा ज्यांना जास्त लागणार तेच हे लोक आहेत. म्हणजे इथं तयार होणाऱ्या कुठल्याही वनौषधीची तपासणी सिकलसेल आणि जी-6-पीडी असलेल्या रक्तावर झालीच पाहिजे. मुंबई-दिल्लीतल्या निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या चाचणीतून ते कळणार नाही.

कायद्यात वाट आहे. ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला नव्यानं सुरक्षिततेचा अभ्यास मागितला जात नाही, हे खरं. पण 2015 पासून औषध नियमांत 'फायटोफार्मास्युटिकल' असा वेगळा वर्ग आला आहे. वनस्पतीचा शुद्ध केलेला, प्रमाणित अंश, ज्यात निदान चार घटक मोजून दाखवता येतात, तो या वर्गात नव्या औषधाप्रमाणेच सगळ्या पायऱ्या चढून मंजुरी मिळवू शकतो. प्राण्यांवरची सुरक्षितता, मग निरोगी माणसं, मग रुग्ण. आणि 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करता येत नाही त्या यादीत ताप आहे. बुधवार बाजारातल्या त्या टोपलीवरचं कात्रण त्या कायद्यात बसतं की नाही हे अन्न व औषध प्रशासनानं पाहावं.

माझी मागणी आता सांगते. हे काम नागपुरात व्हावं. आणि या शहरात काय नाही? सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, वनस्पती ओळखणारे आणि ग्रंथ जाणणारे वैद्य तिथं आहेत. केंद्रीय आयुर्वेद परिषदेची संस्था आहे. विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग आहे. अर्कातलं शिसं-पारा मोजायला नीरी ही पर्यावरणाची संस्था आहे. मेडिकल, मेयो ही मोठी सरकारी रुग्णालयं आणि मिहानला एम्स आहे. सिकलसेल आणि जी-6-पीडीसाठी चंद्रपूरला आयसीएमआरचं केंद्र आहे, आदिवासी आरोग्यासाठी जबलपूरला राष्ट्रीय संस्था आहे. ज्या जिल्ह्यात हिवताप वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे तो गडचिरोली इथून बसनं काही तासांच्या अंतरावर आहे. सगळ्या संस्था आपापल्या आवारात आपापला प्रबंध पूर्ण करतात. एकानं अर्क काढला तर परजीवींवर तपासायची सोय त्याच्याकडे नसते. दुसऱ्यानं परजीवींवर पाहिलं तर यकृत कोण पाहणार हा प्रश्न. मी ज्या कॉलेजात जात होते तिथं किती विद्यार्थ्यांचे चांगले अर्क बाटल्यांत सुकून गेले. माणसाच्या तांबड्या पेशींत फाल्सिपेरम वाढवण्याची रीत 1976 पासून जगाला माहीत आहे. तशी एक प्रयोगशाळा, तिला जोडून यकृत आणि रक्तपेशींवरच्या विषारीपणाची तपासणी, आणि बाजारातल्या पुड्यांचे नमुने ओळखण्यासाठी एक टेबल, एवढं तरी एका छताखाली आणावं. अर्क परजीवींना ज्या मात्रेत मारतो आणि माणसाच्या पेशींना ज्या मात्रेत इजा करतो, या दोन मात्रांमध्ये भरपूर अंतर असेल तरच पुढे जावं. हा पहिला गाळणा नागपुरात बसला तर बऱ्याच पुड्या तिथंच थांबतील आणि एखाद-दुसरी खरोखर पुढे जाईल.

देशानं 2030 पर्यंत हिवताप हटवायचं ठरवलं आहे. मग नव्या औषधाची गरज काय, असं मला एका डॉक्टरांनी विचारलं. गरज आहे. कंबोडियाकडे आर्टेमिसिनिनला दाद न देणारे परजीवी 2008-09 च्या सुमारासच सापडले, आता आफ्रिकेतल्या रवांडा, युगांडातही आढळले आहेत. क्लोरोक्विनचं काय झालं ते आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं. फाल्सिपेरमवर ते चालेनासं झालं तेव्हा हातात दुसरं काही होतं म्हणून निभावलं. याच कारणानं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये छिंगहावचा वाळलेला पाला चहासारखा पिण्याला विरोध केला. त्यात द्रव्य कधी जास्त, कधी नावापुरतं असतं, परजीवी मरत नाहीत आणि औषधाला सरावतात. घरगुती काढ्यानं फक्त पिणाऱ्याचंच नुकसान होतं असं नाही, शेजारच्या पोराच्या गोळीचीही धार त्यानं बोथट होऊ शकते.

आणि हे ज्ञान ज्यांचं आहे त्यांना विसरू नये. भामरागडकडचे रानऔषधं देणारे पुजारी कुठली साल कुठल्या महिन्यात काढायची, झाडाच्या कुठल्या अंगाची, हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. एक म्हातारे पुजारी ताप आलेल्या पोराला पाला देत आणि मग स्वतःच त्याला हाताला धरून आमच्या दवाखान्यात पट्टी करायला आणत. 'तुझं काच काय म्हणते ते पाहा,' असं म्हणून ओसरीवर निकाल येईपर्यंत बसून राहत. पट्टी पॉझिटिव्ह आली की गोळ्या घ्यायला तेच लावत. संशोधनाची सुरुवात अशा माणसांना विचारून, मालीत केली तशी, व्हावी. केरळात काणी आदिवासींच्या माहितीवरून बनलेल्या 'जीवनी' या औषधाच्या शुल्कातला आणि रॉयल्टीतला निम्मा वाटा त्या समाजाला देण्याचं ठरलं होतं. आपल्याकडे तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखासारख्या गावाला 2009 मध्येच सामूहिक वनहक्क मिळाला आहे. ग्रामसभेला विचारून, लेखी संमती घेऊन, वाटा आधी ठरवून मगच झाडाला हात लावावा. 2002 च्या जैवविविधता कायद्यामागचा उद्देशही हाच आहे.

संपादक महोदय, आपल्याकडे एवढंच मागते. यापुढे रानऔषधीबद्दल काही छापाल तेव्हा लिहिणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. रुग्णांच्या रक्तातले परजीवी मोजले होते का आणि कितव्या दिवशी? कशाशी तुलना केली होती? यकृत, मूत्रपिंड आणि रक्तपेशी तपासल्या होत्या का? उत्तरं नसतील तर 'रामबाण' हा शब्द काढून टाकावा आणि त्याच चौकटीत ठळक टाइपात छापावं: थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा, आशाताईकडे आणि प्रत्येक सरकारी दवाखान्यात तपासणी व गोळ्या मोफत मिळतात, गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा. आणि त्या रविवारच्या चौकटीबद्दल खुलासा छापलात तर मी त्याची झेरॉक्स काढून बुधवार बाजारात त्या टोपलीवाल्याला स्वतः नेऊन देईन.

आपली नम्र वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
नंदनवन, नागपूर